घरचीच पोर

“पोर मुरळीच्या ओटीत देऊ नका, वैनी,” असं ठकुबाई दारातून म्हणाली, तेव्हा शालनचे हात आधीच पुढे झाले होते.

अंगणात सरुबाई पदर पसरून बसली होती. कपाळभर भंडारा, खांद्याला भंडाऱ्याचीच पिशवी, बोटांत अडकवलेली घंटी. तिच्याबरोबरचा वाघ्या दिमडी काखेत मारून भिंतीच्या सावलीत तंबाखू मळत होता. दर रविवारी ही दोघं रहाटणीत घरोघर फिरत, खंडोबाचं गाणं म्हणत, ओंजळभर जोंधळे घेत आणि पुढच्या दाराला जात. आज गाणं अर्ध्यावर थांबलं होतं. शालनच्या हातातली तान्ही मंदा श्वास घेई तेव्हा तिच्या बरगड्यांखाली खळगा पडे. गावातल्या बाया त्याला डबा म्हणत. सकाळीच खडकीचे डॉक्टर येऊन मांडीत इंजेक्शन टोचून गेले होते, आणि आता वाट बघायची, असं सांगून गेले होते.

वाट बघणं शालनला कधीच जमलेलं नव्हतं. पाळण्यातल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून ती रात्रंदिवस बसलेली होती.

“का देऊ नको?” तिनं मान न वळवता विचारलं.

“ओटीत पडलं ते द्येवाचं व्हतं. मागनं परत मागता येत न्हाई.” ठकुबाई घरात धुण्याभांड्याला होती. तिच्या कडेवर तिची स्वतःची छबू होती, मंदाहून थोडी मोठी. बोलता बोलता तिनं छबूचं डोकं आपल्या खांद्यात लपवलं.

सरुबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. “लपीवतीस कशाला गं? तुझी काळी चिमणी कोन मागतंय?” ती हसली. “द्येवाला बी डोळं हायेत.”

वाघ्याही हसला. शालनसुद्धा हसली, त्या दिवसात पहिल्यांदाच. पुण्याला कॉलेजात तिनं तर्कशास्त्र घेतलं होतं. ओटीत घातलेलं पोर देवाचं होतं, यावर विचार करावा इतकंही तिला त्यात काही दिसलं नाही. म्हातारीच्या मांडीवर पोर दोन क्षण निजली तर आपले खांदे मोकळे होतील, एवढंच तिला दिसत होतं.

“दोन मिनिटं तर घेतायत, ठकुबाई,” ती म्हणाली, आणि मंदाला पदरात ठेवलं.

सरुबाईनं पोरीला हलवलं नाही की थोपटलं नाही. पिशवीतून चिमूटभर भंडारा काढून तिच्या कपाळाला, छातीला लावला. मग वर बघून विचारलं, “कुनाची पोर?”

“तुमच्या देवाची,” शालन म्हणाली. “झालं?”

“झालं.” सरुबाईनं पोर उचलून परत तिच्या हातात दिली. “आता तुला सांबाळाया देते. मागीन तवा द्याची.”

दिवेलागणीला मंदाचा श्वास खाली आला. बरगड्यांखालचा खळगा भरून निघाला, आणि रडायला लागली तेव्हा घरभर ऐकू गेलं. इंजेक्शननं गुण दिला, असं शालननं नवऱ्याला सांगितलं. सासूनं, गवराबाईनं, देवापुढं नारळ फोडला. 

मंदा वाढली, आणि तिच्या मागेपुढे छबूही. शालन दोघींना एका पाटीवर अक्षरं गिरवायला लावी. एकाच ताग्याचे परकर शिवी, म्हणजे एकीला नवं आणि दुसरीला उतरलेलं असं होऊ नये. गवराबाईला ते आवडत नसे.

“मोलकरणीच्या पोरीला आन आपल्या पोरीला एक कापड?” ती म्हणे.

“लहान आहेत हो, आत्याबाई.”

“लहान हायेत म्हनूनच म्हनते. उद्या मोठ्या झाल्या की ती मागंल, तवा तू तोंड कुटं लपीवशील?”

नदीपलीकडं पिंपरीच्या शिवेवर घरची जमीन होती. ती नव्या कारखान्यात गेली, आणि तिच्या बदल्यात घरातल्या एका माणसाला नोकरी मिळणार असं ठरलं. शालनचा नवरा हिंदुराव याची वीटभट्टी होती, त्या कारखान्याच्याच भिंती त्याच्या विटांनी उभ्या राहत होत्या. त्याला ती नोकरी नको होती. शालननंच सुचवलं. ठकुबाईचा नवरा गेनू दुसऱ्यांच्या शेतांत राबत होता, त्याला द्या.

“घरचा माणूस लागतो,” हिंदुराव म्हणाला. “कंपनीचा साहेब विचारणार, हा कोण लागतो तुमचा?”

“सांगा घरचाच आहे. खोटं कुठंय त्यात? आपल्याच अन्नावर तर आहेत ते दोघं.”

हिंदुराव हसला आणि त्यानं तसं सांगितलं. गेनू घरचा म्हणून कामाला लागला. पहिल्या दिवशी तो कंपनीचे बूट हातात घेऊनच घरी आला, चिखलात खराब होतील म्हणून. ठकुबाईनं शालनच्या पायांवर डोकं ठेवलं. शालनला अवघडल्यासारखं झालं, पण त्या दिवशी तिला शांत झोप लागली हेही खरं.

मंदाला शाळेत घातलं त्या वर्षी दिवाळी झाल्यावर सरुबाई परत आली. मधली वर्षं ती जेजुरीकडं होती म्हणे. या वेळी वाघ्या बरोबर नव्हता. तो मेला होता. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि ती दाराच्या चौकटीला हात लावून घर ओळखत आली.

“द्येवाची पोर न्ह्यायला आले,” ती म्हणाली.

गवराबाई ओसरीत धान्य पाखडत होती. तिच्या हातातलं सूप तिथंच थांबलं.

“कोणती पोर?” शालन आतून बाहेर आली.

“तू दिल्याली. शिकलेला आवाज तुझाच हाय न्हवं? माझ्या माघारी घंटी कोन वाजवायची? म्हाळसा पाटावर बसली, बानू मेंढरांत ऱ्हायली, आन आमी दारोदार. पर नवरा बरा हाय हो आमचा. कदी मारीत न्हाई, कदी भाकर मागत न्हाई.” ती एकटीच हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, “चंपाषष्टीच्या आदल्या रविवारी चाकणपल्याड खंडोबाच्या टेकडीवर आना. सटीला गर्दी व्हती, कायद्याची मान्सं बी हिंडत्यात.”

“कायद्यानं बंदी आहे याला,” शालनचा आवाज चढला. “मुली सोडणाऱ्यांना तुरुंगात घालतात. तुम्हाला ठाऊक आहे ना?”

“मला काय करत्यात तुरुंगात घालून? तितं बी भाकर देत्यात.” सरुबाई घंटी चाचपत उठली. “मी न्हेली न्हाई, तर त्यो न्ह्यायला येतो. त्याला कायदा सांग.”

त्या दिवसापासून शालन मंदाच्या कपाळावर उलटा हात ठेवून बघायला लागली. शाळेत जाताना, शाळेतून आल्यावर, जेवताना, झोपेत. कपाळ गार असे. तरी ती दुसऱ्यांदा बघे. पाणी उकळून गाळून देई, नदीकडं जाऊ देईना. आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी मंदाला खरंच खोकला झाला. साधा होता. थंडीचे दिवस होते, गावातली अर्धी पोरं खोकत होती. शालननं तिच्या पाठीला कान लावला, आणि कान काढायला तिला खूप वेळ लागला.

“सरळ फौजदाराला सांगू,” ती नवऱ्याला म्हणाली.

हिंदुराव हिशेबाचं काम सोडून तिच्याकडं बघत राहिला. “सांग. तो विचारील, बाई, पोर ओटीत कुणी घातली? आईनं नाही घातली, मी नाही घातली.”

“तेव्हा मी काय त्या अर्थानं...”

“अर्थ तुला ठाऊक, मला ठाऊक. आईला समजाव.”

आईला समजावण्याची गरज पडली नाही. गवराबाईनं तोवर वाट शोधली होती. एका सकाळी तिनं गेनूला शिफ्टवर जाण्याआधी बोलावून घेतलं आणि ओसरीत बसवलं. ठकुबाई खांबाला टेकून उभी राहिली. शालन स्वयंपाकघराच्या दारात होती, हातात पीठ.

“कंपनीत तू कोन म्हनून लागलास, गेनू?” गवराबाईनं विचारलं.

“घरचा म्हनून, आक्का.”

“घरचा म्हनून पगार घेतोस?”

“व्हय.”

“आन पोर मातर घरची न्हाई, असं कसं?”

गेनूला पहिल्यांदा समजलंच नाही. तो हसायच्या बेतात होता. मग त्यानं बायकोकडं पाहिलं, आणि तिला समजलं आहे हे त्याला दिसलं.

“द्येवाला या घरची एक पोर द्याची हाय,” गवराबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता, भाजीत मीठ सांगावं तसा. “घरच्या एकीच्या जागी घरचीच दुसरी. तू घरचा न्हाईस म्हनत आसशील तर तसं सांग. मी हिंदुरावाला सांगते, त्यो सायबाला सांगंल.”

गेनूनं पायांतल्या बुटांकडं पाहिलं. आता तो ते पायांत घालत असे.

“आक्का,” ठकुबाई म्हणाली, “माझी एकच हाय.”

“आमची बी एकच हाय.”

ठकुबाईनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. शालनच्या तोंडात वाक्य तयार होतं. कॉलेजच्या वक्तृत्वाला उभी राहायची तेव्हा असत तसं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत तयार. तेवढ्यात आतल्या खोलीत मंदा खोकली. शालन वळली आणि आत गेली. पिठाचे हात तिनं पोरीच्या कपाळाला लावले नाहीत, मनगटानं बघितलं. मग बाहेरचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत ती तिथंच पोरीच्या अंथरुणाशी बसून राहिली.

दुपारी ठकुबाई भांडी घासता घासता म्हणाली, “वैनी, तुमी शिकलेल्या. त्या दिशी तुमी म्हनालात, बंदी हाय.”

“आहे.”

“मग तुमी जाऊन सांगा. आमी सांगितलं तर गेनूची नोकरी जाईल, आन आमचं ऐकतंय कोन? तुमचं ऐकत्याल.” राखेचा हात तिनं बाजूला धरला होता, शालनच्या पातळाला लागू नये म्हणून. “छबूला ते कसलं बी नगं. ती तुमच्याकडं वाचाया शिकली. मला परवा साबनाच्या कागदावरचं वाचून दावलं. मुरळीचं काय व्हतं ते मी बगितलंय, वैनी. माझ्या मावशीची पोर व्हती. द्येव नुसता नावाला नवरा. बाकीची मान्सं असत्यात.”

“सांगते,” शालन म्हणाली. “मंदाला घेऊन पुण्याला डॉक्टरांकडे जायचंच आहे. वाटेत चौकीवर जाते.”

“जाल न्हवं?”

“जाते म्हटलं ना.”

ती खरंच निघाली होती सांगायला. टांग्यात बसली तेव्हा तिनं काय बोलायचं ते मनात मांडलं होतं. कुणाचं नाव घ्यायचं, कुणाचं नाही, हेसुद्धा. औंधच्या पुढं चौकी दिसली. पिंपळाखाली शिपाई खाटेवर बसून शेंगा खात होता. शालन पुढं झुकली, टांगेवाल्याच्या खांद्याला हात लावणार, इतक्यात मंदा तिच्या मांडीवर आडवी झाली आणि म्हणाली, “आई, मला गरम होतंय.”

कपाळ गरम होतं. ऊनही होतं. शालननं हात मागं घेतला आणि तो पोरीच्या कपाळावरच ठेवला. टांगा चौकी ओलांडून गेला.

डॉक्टर म्हणाले, काही नाही, थंडीचा खोकला, औषध देतो. घरी आल्यावर ठकुबाई अंगणातच उभी होती.  शालननं औषधाची बाटली वर धरून दाखवली, जणू त्यासाठीच ती गेली होती, आणि घरात शिरली.

चंपाषष्ठीच्या आदल्या रविवारी सगळे हिंदुरावच्या विटांच्या ट्रकमधून निघाले. गवराबाई आणि शालन मंदाला घेऊन पुढं बसल्या. सुटका होणाऱ्या पोरीनं स्वतः देवाचा भंडारा लावून घ्यावा लागतो, असं गवराबाईचं म्हणणं होतं. मागे विटांच्या लाल धुळीत गेनू, ठकुबाई आणि छबू. चाकण मागं पडल्यावर टेकडी दिसली तशी छबू फळीवर उभी राहून मोठ्यानं म्हणाली, “जत्रा आली.” जत्रा नव्हती. पायथ्याला एक चहावाला आणि दोन कुत्री होती. हिंदुराव ट्रकजवळच थांबला, टायर बघायचाय म्हणून.

दोघी पोरी पायऱ्या पळत चढल्या. दोघींच्या अंगावर दिवाळीला शालननं शिवलेले एकाच ताग्याचे हिरवे परकर होते.

वर देवळाच्या ओवरीत सरुबाई चौक मांडून बसली होती. ठकुबाईनं पोरीला हळद लावली. दुसऱ्या कुणी लावलेली तिला चालली नसती, आणि लावताना तिचा हात एकदाही थांबला नाही. कानांमागं, गळ्याखाली, बोटांच्या बेचक्यांत, लग्नाच्या पोरीला लावतात तशी तिनं ती नीट लावली. छबूला गुदगुल्या होत होत्या. मुंडावळ्या बांधल्या तेव्हा तिनं मान ताठ केली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांतून मंदाकडं पाहिलं.

“आई, मला पण मुंडावळ्या,” मंदा म्हणाली.

“गप.”

“तिलाच का? मला पण नवरी व्हायचंय.” मंदाचे ओठ थरथरायला लागले.

“रडू नगं गं,” छबू मोठ्या बहिणीसारखी म्हणाली. “माजं झालं का तुला देते. मग तू बस.”

शालननं मंदाच्या तोंडावर हात ठेवला. पोरीनं तो चावून सोडवला आणि चौकाकडं धावली, छबूच्या शेजारी जाऊन पाटाच्या उरलेल्या कडेवर बसली. दोन हिरवे परकर, दोन वेण्या. सरुबाईनं आंधळा हात पुढं केला, हवेत चाचपला, आणि एक मनगट धरलं.

मंदाचं होतं ते.

“हीच,” सरुबाई म्हणाली. “मऊ हाय. माझ्या ओटीत निजल्याली.”

गेनू खांबाकडं बघू लागला. गवराबाई पुढं झाली, आणि गाभाऱ्यातल्या मुखवट्याकडं बघून जागीच थांबली. एवढी सगळी जुळवाजुळव तिनं केली होती. पण देवानं आपल्या माणसाच्या हातानं धरलेलं मनगट सोडवायचं तिला धैर्य होईना. तिनं दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले.

ठकुबाई मात्र डोळे उघडे ठेवून बघत होती.  ओठ तिनं घट्ट दाबून धरले होते, आणि नजर शालनवर होती. त्या नजरेत विनवणी नव्हती. नवऱ्यानं सोडलं होतं, कायद्यानं सोडलं होतं. आता काही न बोलण्यानंच काम होणार होतं, आणि ती जिवाच्या आकांतानं काही बोलत नव्हती.

शालन पुढं झाली. वाकून तिनं म्हातारीचं एक एक बोट मंदाच्या मनगटावरून सोडवलं. बोटं चिवट होती, पण तिनं घाई केली नाही. मंदाला मागं सारलं, छबूचा हात उचलला आणि त्या उघड्या पंजात दिला.

“ही नाही, सरुबाई,” ती म्हणाली. तिचे उच्चार नेहमीसारखेच स्वच्छ होते. “ही घ्या.”

सरुबाईनं तळहात अंगठ्यानं चोळून पाहिला. “ह्यो हात राठ हाय. राखेचा हाय. कुनाची पोर?”

“आमच्या घरची.”

“घरची?”

“घरचीच.”

 म्हातारीच्या छातीतून घरघर हसू आलं. “आसू दे. द्येवाला हाताचं काय करायचंय.” तिनं कमरेची पिशवी सोडून गाठा काढला, काळ्या लोकरीत ओवलेल्या कवड्यांची माळ, आणि छबूच्या मानेमागं गाठ मारली. एकीवर दुसरी मारली. “पर ध्यानात ठिव, शिकलेले बाई. ह्यो गाठा हिच्या गळ्यात हाय तवर हाय. ह्यो सुटला, तर द्येव पयल्या ओटीतल्या पोरीकडं वळतो.”

ठकुबाईच्या तोंडून तेव्हा एक आवाज आला. बारीक होता. भंडारा उधळताना झालेल्या येळकोटात तो बुडाला.

छबूला खाली यायचं होतं. मंदाला मुंडावळ्या द्यायचं तिनं कबूल केलं होतं. तिला सांगितलं, तू इथं राहा, आम्ही उद्या येतो. ती ओवरीच्या कडेला उभी राहून ट्रक वळेपर्यंत हात हलवत होती. ट्रकमध्ये मंदा झोपून गेली. शालननं तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं, देवळातल्या फरशीसारखं गार, आणि शालननं पहिल्यांदा सीटला पाठ टेकली.

ठकुबाई दुसऱ्या दिवशी कामाला आली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. ती येणार नाही असं शालनला वाटलं होतं. निदान काही दिवस तरी. पण गेनूची नोकरी होती, राहायला मागची खोली याच घरची होती. ती पूर्वीसारखीच भांडी घासे, मंदाची वेणी घाले. एक गोष्ट नवी होती. सकाळी आल्या आल्या, शालनच्या आधी, ती मंदाच्या कपाळाला हात लावून बघे.

“गार हाय आज, वैनी,” असं म्हणे आणि मोरीकडं जाई.

ती बरं वाटून म्हणते की आणखी काही, हे शालनला तिच्या आवाजावरून ओळखता येत नसे. ती स्वतः जाऊन परत बघे.

वर्ष गेलं. थंडी पडली. चंपाषष्ठी जवळ आली तेव्हा ठकुबाईनं पदराला हात पुसत विचारलं, “वैनी, एक दिस सुट्टी द्याल का? टेकडीवर जाऊन येते. लांबनं बगते आन येते.”

“या आठवड्यात कसं जमेल?” शालन म्हणाली. “आत्याबाईंच्या माहेरचे पाहुणे यायचेत.”

“मग पुडच्या?”

“बघू.”

“काय करनार हाय मी तितं? आयच हाय तिची.”

“म्हणूनच म्हटलं, बघू.”

 ठकुबाईनं मान हलवली, अगदी सावकाश, आणि बादली उचलली. त्या संध्याकाळी शालननं गवराबाईला सांगून मागच्या खोलीचं अंगणाकडचं दार लावून घेतलं. आता ठकुबाईला बाहेर पडायचं तर घरातूनच जावं लागे.

स्वतः शालन टेकडीवर जात नाही. पण त्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते. बांगड्या भरायला येणाऱ्या कासारणीला सांगितलं. सांगवीहून दर आठवड्याला चाकणच्या बाजाराला जाणाऱ्या सोपानरावांना सांगितलं. भट्टीवरच्या ट्रकवाल्याला तर रोजच सांगते. छबू म्हणून एक पोर आहे हो वर, आमच्या घरची, जरा बघून या. लोक म्हणतात, बाईचं मन मोठं आहे, मोलकरणीच्या पोरीसाठी एवढा जीव टाकते.

तुमचंही कधी त्या वाटेनं जाणं झालं, तर टेकडी चढायला फार वेळ लागत नाही. म्हातारीबरोबर घंटी वाजवणारी एक बारीक, सावळी पोर दिसेल. विचारलंत तर साबणाच्या कागदावरचं वाचूनही दाखवील. जेवलीस का म्हणून विचारा, अंगावर धड कपडा आहे का बघा. तेवढी सवड नसली तर राहू द्या. तिच्या गळ्यात कवड्यांची माळ आहे ना, आणि मानेमागची गाठ घट्ट आहे ना, एवढं मात्र जवळ जाऊन, हात लावून बघून या, आणि रहाटणीला निरोप धाडा. मंदाला कालपासून बारीक ताप आहे.